कुत्र्याचा खुबा आणि आपली भांडणं

कुणाच्या तरी लॅब्रॅडॉरचा खुबा बदलला, अशी बातमी नातेवाइकांच्या ग्रुपवर पडली की पुढे काय होणार हे मी स्वीडनमध्ये बसून सांगू शकतो. एक काका विचारणार, "माणसांच्या ऑपरेशनला वर्गणी काढावी लागते आणि तुम्ही कुत्र्यावर पैसे उधळताय?" एक भाची फणकारणार, "तो आमच्या घरातलाच आहे." काकांचं दुखणं खरं आहे. पण कुणी स्वतःच्या खिशातून कुत्र्याचा खुबा बदलला म्हणून एखाद्या माणसाचा बेड गेला असं होत नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. दोघंही ऑपरेशनच्या टेबलाशी भांडतात, आणि त्या कुत्र्याचं बरंचसं नशीब ते जन्मायच्या आधीच ठरून गेलेलं असतं.

खुबा म्हणजे उखळीचा सांधा. हिप डिस्प्लेशिया नावाच्या दुखण्यात, ज्यासाठी खुबा बदलावा लागतो, तो सैल असतो, उखळ उथळ राहते आणि मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसत नाही. वाढत्या पिल्लाच्या प्रत्येक पावलाला तो कडेवर घासतो, कूर्चा झिजते आणि ऐन तारुण्यात संधिवात येतो. असं पिल्लू पळताना मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखं उडतं. उठताना पुढच्या पायांवर जोर देऊन मागचं धड ओढून घेतं. घरचे म्हणतात, आळशी आहे! जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड अशा मोठ्या, जड जातींत हे जास्त. यामागे अनेक जनुकं असल्यामुळे चांगल्या खुब्याच्या आईबापांच्या पोटीही कधीकधी बिघडलेलं पिल्लू येतं, पण धोका नक्की कमी होतो.

इथली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्वीडिश केनेल क्लबची, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, नोंद. कुत्र्याला गुंगी देऊन उताणं झोपवतात, मागचे दोन्ही पाय सरळ ताणून गुडघ्याच्या वाट्या वर येतील असे आत वळवतात आणि एक्स-रे काढतात. त्यावरून ए ते ई अशी श्रेणी मिळते, आणि ती कुणालाही इंटरनेटवर बघता येते. पिल्लू घ्यायच्या आधी त्याच्या आईचे, बापाचे, आजीचे खुबे घरबसल्या तपासता येतात. भारतात २०१७ च्या नियमांनी ब्रीडरला नोंदणी सक्तीची केली आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई केली, हे चांगलंच झालं. पण "आईबापांचे एक्स-रे दाखवा" म्हणणारं गिऱ्हाईक मला तरी अजून भेटलेलं नाही. वंशावळीचा कागद मात्र सगळे मागतात.

इकडेही सगळं आलबेल आहे असं समजू नका. बहुतेक कुत्र्यांचा विमा असतो, आणि विमा असला की ऑपरेशनचा विषय जरा लवकरच निघतो, असं माझं मत आहे. गुबगुबीत लॅब्रॅडॉर इथेही रस्तोरस्ती दिसतात. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून आयुष्यभर अभ्यास झाला होता. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणाऱ्यांचे खुबे कितीतरी चांगले राहिले आणि ते जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले. ही गोष्ट मी ग्रुपवर टाकली तेव्हा कुणीच वाद घातला नाही, कारण कुणी वाचलीच नसावी.

खुबा बदलणं वाईट नाही. १९७० च्या दशकापासून हे ऑपरेशन होतंय. धातूचा दांडा, त्यावर धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी. ते नीट जमलं तर कुत्रं न लंगडता पळतं. बिघडलं तर सांधा निखळतो, जंतुसंसर्ग होतो, क्वचित मांडीचं हाडच मोडतं. नंतर कित्येक आठवडे फक्त दोरीवर फिरवणं, गुळगुळीत फरशीवर चटया आणि जिना बंद. पोटाखालून टॉवेलची झोळी धरून त्याला शी-शूला नेणार कोण, हे पैशांइतकंच आधी ठरवायला हवं. हाडाचा गोळाच काढून टाकायचं एक जुनं ऑपरेशन आहे. मग स्नायू आणि जखम भरताना तयार झालेल्या ऊती त्या जागी काम चालवतात. हलक्या कुत्र्यांना ते छान मानवतं, जड कुत्र्यांचा तेवढा भरवसा नाही. आणि पुष्कळ कुत्री आटोक्यातलं वजन, बेताचा व्यायाम आणि पशुवैद्याने दिलेल्या वेदनाशामकावर वर्षानुवर्षं सुखात राहतात. घरातली माणसांची आयबुप्रोफेन मात्र चुकूनही देऊ नये, ती कुत्र्याला विषासारखी आहे.

परवा भाचीने स्वतःच्या सात महिन्यांच्या शेफर्डचा व्हिडिओ पाठवला. तीच सशाची उडी. ब्रीडरने कॅल्शियमचं सिरप सांगितलंय म्हणे. वाढत्या मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम दिलं तर हाडं आणखी बिघडतात, म्हणून ते आजच बंद कर असं मी तिला कळवलं. आणि गुंगी देऊन एक्स-रे याच आठवड्यात काढायला सांगितलं. कटीचं हाड कापून उखळ गोळ्यावर नीट झाकेल अशी वळवायचं एक ऑपरेशन आहे. पण ते साधारण दहा महिन्यांच्या आत आणि संधिवात सुरू व्हायच्या आधीच करावं लागतं.