पैसे देऊन हरळी

काल भाजी घेताना एका ओळखीच्या गृहस्थांनी मला गाठून अभिनंदन केलं. "काढलीत म्हणे हरळी. बरं केलंत. फार माजते." मी हो म्हणालो. भर मंडईत, हातात मेथीची जुडी धरून गोल्फ समजावून सांगायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

गुडघ्यांमुळे बॅडमिंटन सुटलं, टीव्हीवर गोल्फ दिसला, आणि सांगलीत विश्रामबागेतल्या घरापुढच्या लॉनच्या तुकड्यावर पटिंग ग्रीन, म्हणजे बॉल हलकेच ढकलून भोकात घालायची बारीक कापलेली हिरवळ, करायचं ठरलं. यापलीकडे प्रस्तावना नाही.

आमची माती कृष्णाकाठची काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की चावी पडली तर नवीन करून घ्यावी. गोल्फच्या हिरवळीला सपाटी हवी आणि पाण्याचा निचरा हवा. म्हणून माती काढली, खाली चार इंच खडी, वर फूटभर वाळू. खड्डा बघून अर्ध्या गल्लीनं सेप्टिक टँक भरला का विचारलं, उरलेल्यांनी न विचारता तसं गृहीत धरलं. मग भोक. नियमाप्रमाणे त्याचा व्यास १०८ मिलिमीटर लागतो, आणि दुकानात पाइप मिळतो ११० चा. दोन मिलिमीटरसाठी मी हुज्जत घालतोय म्हटल्यावर प्लंबर आतला पाना आणायला म्हणून गेला तो अजून आलेला नाही. शेवटी पाइप इंचभर खाली गाडला आणि वरचं भोक मीच मापानं कापलं.

गवत मागवलं ते टिफड्वार्फ जातीचं. अमेरिकेत, जॉर्जियातल्या टिफ्टन गावी ते तयार झालं आणि १९६५ साली बाजारात आलं. उष्ण हवेतल्या अनेक गोल्फ मैदानांवर ते वापरलं गेलं. संकरित आहे. त्याच्या आईबापांपैकी एक आफ्रिकेतलं गवत आणि दुसरी आपली हरळी.

इथंच घात झाला, कारण बायकोचे मामा आले.

मामा तासगावकडचे द्राक्षबागायतदार. चहा व्हायच्या आधीच ते अंगणात उकिडवे बसले, एक काडी उपटली, नखानं चिरली, दाताखाली धरली आणि माझ्याकडे अत्यंत सहानुभूतीनं बघून म्हणाले, "जावईबापू, ही हरळी हाय."

"हायब्रीड आहे मामा. अमेरिकेतली."

"अमेरिकेतनं हरळी आणलीसा?"

"तशी पुण्याहून आणली."

"कितीला पडली?"

मी निम्मी किंमत सांगितली. घरातही तीच सांगितलेली आहे. मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आमच्या आज्यानं हिच्यापायी मोठ्या नांगराला आठ बैलं जुपली हुती. बापानं कुदळीनं खणून हिच्या मुळांसारख्या काशा येचल्या. मी तणनाशकात पैसं घातलं. आणि तुम्ही इकत घिऊन, वाळूची गादी करून तिला निजवलीसा." थोडं थांबून, "खत बी घालता?"

"घालतो."

"व्हय." एवढं म्हणून मामा बराच वेळ कुंपणाकडे बघत राहिले.

मग त्यांना उंचीचा प्रश्न पडला. हे गवत चार-पाच मिलिमीटरवर कापायचं असतं, तेही साध्या मशीननं नाही, सिलिंडरवर पाती फिरणाऱ्या मशीननं, हंगामात जवळजवळ रोज. "म्हंजी वाढवायची बी आणि वाढू बी द्यायची न्हाई," मामांनी सारांश काढला. "तीन पानं तरी ठेवायची. संकष्टीला गणपतीला गेली असती."

"आणि ह्ये भोक कशाला?"

"त्यात बॉल घालायचा."

"मग?"

"मग काढायचा."

"मग?"

"परत घालायचा."

मामांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं हाक मारली, "बाय, ह्यांचं बीपी बघितलंस का अलीकडं?"

मी त्यांना सांगितलं की हा खेळ आपल्याकडे नवा नाही, कोलकात्याचा क्लब १८२९ सालचा आहे. मामा म्हणाले, "तवापास्नं घालाल्यात आणि अजून जमंना?" या वाक्याला आतून हसण्याचा आवाज आला. तो माझ्या बायकोचा होता.

एक सांगतो. "उपयोग काय?" हा प्रश्न आमच्या गावात ठरावीक माणसांनाच विचारला जातो. समोरच्या बंगल्यात एक गाडी वर्षानुवर्षं कापड पांघरून उभी आहे, तिला कोणी विचारत नाही. पलीकडच्यांनी अख्ख्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, पावसाचं सगळं पाणी आता माझ्या फाटकासमोर साचतं, त्यांना कोणी विचारत नाही. उलट "किती स्वच्छ!" म्हणतात. मला मात्र जत-आटपाडीच्या दुष्काळाची आठवण करून देण्यात आली. ज्यांनी दिली, ते तेव्हा पाइप धरून स्कूटर धूत होते, आणि स्कूटर कधीच संपून रस्ता धुणं सुरू होतं. मी भाज्या धुतलेलं पाणी बादलीनं घालतो, पण ते कोणी बघत नाही. जत-आटपाडीचं खरंच आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण ते उत्तर मी स्कूटरवाल्याला का द्यावं?

असो. दुसऱ्या दिवशी मी मशीनच्या पात्यांना धार लावायला मिरजेला गेलो. धारवाल्यानं "कडबाकुट्टीचं हाय काय?" म्हणून विचारलं, त्यात वेळ गेला. परत आलो तर मामा घामाघूम, हातात खुरपं, आणि भोकाभोवतीचा चांगला खाटेएवढा तुकडा उघडा. नुसतं गवत काढलं नव्हतं. वाळूत हात घालून एकेक काशी ओढून काढली होती आणि सगळा ढीग सिमेंटवर उन्हात पसरला होता, कारण ओली काशी मातीला लागली की पुन्हा फुटते. काम इतकं नेटकं होतं की रागवायलाही लाज वाटावी. फाटकापाशी तीन-चार शेजारी कौतुकानं उभे होते. बायकोनं मामांना ताक दिलं. मला विचारलं नाही.

आणि भोकात कढीपत्ता होता.

"आयता खड्डा हुता," मामा म्हणाले. "खाली वाळू, पाणी तुंबायचं न्हाई. झ्याक येतंय बघा."

आता ते उपटायचं नाही, कारण मामांनी स्वतःच्या हातानं लावलंय, असं मला बजावण्यात आलं आहे. मी सध्या त्या रोपापासून वीतभर अंतरावर बॉल थांबवायचा सराव करतो. गल्लीतली पोरं कुंपणावर बसून "झाडाला लागला, आउट!" म्हणून ओरडतात. गोल्फमध्ये आउट नसतं. हेही मी कुणाला सांगत नाही.

रात्री मामांचा फोन येतो. रोप धरलं का, शेंड्याला पालवी आली का, ही चौकशी झाली की माझ्या तब्येतीची होते. काल एक प्रश्न जास्तीचा आला.

"जावईबापू, त्या खऱ्या मैदानात एकूण भोकं किती असत्यात?"

"अठरा."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मामा हिशोब करत होते.

"बरं झालं सांगितलंसा. शेवग्याची रोपं हायत माझ्याकडं, यष्टीनं पाठवतो. तवर तुम्ही बाकीची सतरा पाडून ठेवा."