पहाटे उठण्याचं कौतुक जरा आवरा

आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज पाचच्या ठोक्याला उगवत्या सूर्याचा फोटो पडतो आणि खाली तेच, लवकर निजे लवकर उठे. टाकणारे काका रिटायर्ड आहेत, दुपारी जेवून दोन तास आडवे होतात, त्याचा फोटो मात्र कधी आला नाही. असो. लवकर उठण्याशी माझं भांडण नाही, मी पण साडेपाचला उठते, पण का तर आमच्याकडे पाणी सहापर्यंतच असतं. आता यात माझा कसला आलाय गुण? नळ आठला आला असता तर मी पण साडेसातला उठले असते. आणि उशिरा उठणाऱ्याला आपण सरळ आळशी म्हणून मोकळे होतो, त्याची वेळ कोणी ठरवलीय ते न विचारता.

माझ्या मामाच्या गावाला शेतातला पंप चालवणारी थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत मामेभाऊ गव्हाला पाणी द्यायला रात्रभर शेतात, एका हातात बॅटरी, एका हातात खोरं, पाटाच्या पाण्याचं एक दारं मोडायचं दुसरं धरायचं, वर बिबट्याची भीती. घरी येऊन झोपतो तो दहा वाजता उठतो. त्याला सांगा बरं लवकर उठायचे फायदे! तेच हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्या पोरांचं, सोसायटीतल्या आज्ज्या म्हणतात काय ही हल्लीची पिढी, बारा वाजले तरी अंथरुणात.

पण मला खरा राग येतो तो शाळांचा. आमच्या कोपऱ्यावर सव्वासहाला स्कूल बस येते. जानेवारीत तेव्हा मिट्ट काळोख असतो, आया मोबाईलचा टॉर्च लावून उभ्या, त्या पाचपासून पोळ्या लाटून आलेल्या. दहावीतला एक उंच पोरगा बसमध्ये चढल्या चढल्या खिडकीच्या काचेला डोकं टेकतो आणि बस सिग्नलला पोचायच्या आत झोपलेला असतो, तोंड उघडं, टाय एका बाजूला. त्याला पहिल्या तासाला काय शिकवणार तुम्ही?

डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस बोलले की मुलांची झोप होत नाही, शाळांच्या वेळा बदला. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये जीआर आला, पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊला किंवा त्यानंतर. चांगलंच झालं. बसवाले ओरडले, दोन पाळ्यांच्या शाळा ओरडल्या, कारण एकाच इमारतीत सकाळी एक दुपारी एक असं बसवलेलं असतं, ते सगळं हलतं. ती अडचण खरी आहे. पण गंमत बघा, लहान पोरं मुळात लवकर उठणारी असतात, सुट्टीच्या दिवशी सहाला उठून आईबापाच्या अंगावर उड्या मारतात. वयात आल्यावर शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा तयार व्हायला लागतं, म्हणून आठवी नववीच्या पोराला दहाला लोळवलं तरी झोप येत नाही. सगळं मोबाईलवर ढकलू नका, मोबाईल भर घालतोच, पण नसता तरी हे असतंच. म्हणजे ज्यांना सकाळी खरंच उठवत नाही त्यांच्याबद्दल जीआर गप्प. कॅलिफोर्नियात बरोबर उलट केलं, २०२२ पासून तिथली बहुतेक हायस्कूलं साडेआठच्या आधी भरवता येत नाहीत, तसा कायदाच आहे.

आणि मुंबईकरांचं अजून एक दुखणं आहे, ज्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही. आपली भारतीय वेळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावरून ठरते, मुंबई त्याच्या कितीतरी पश्चिमेला, त्यामुळे सूर्याच्या हिशोबाने आपण घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे. १९०६ ला ही वेळ आली तेव्हा गिरणी कामगारांनी गोंधळ घातला होता, अंधारात का उठायचं म्हणून, आणि शहरात जुना मुंबई टाइम १९५५ पर्यंत चालू होता! आज जानेवारीत कोलकात्यात सव्वासहाला सूर्य उगवतो, आपल्याकडे सव्वासातला. शाळा मात्र सातला. पोरगं वर्गात बसलं तरी सूर्य उठलेला नसतो.

ब्राह्ममुहूर्तवाल्यांनी पण एकदा गणित करावं. तो सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो, म्हणजे मुंबईत जानेवारीत पावणेसहाच्या जरा आधी. जूनमध्ये साडेचारच्या आत. आपल्या जुन्या लोकांनी सुद्धा तो सूर्याला बांधला होता, अलार्मला नाही. बारा महिने चारला उठून बसणारे नक्की कोणाचं पाळतात काय माहीत.

तर जूनमध्ये पालकसभा होईल तेव्हा युनिफॉर्मच्या रंगावर तासभर घालवण्यापेक्षा नववी दहावीचा पहिला तास साडेआठला का नाही ते विचारा. दोन पाळ्या असतील तर मोठ्यांना दुपारची पाळी द्या आणि पाचवी ते सातवीला सकाळी बोलवा, हे कागदावर तरी जमतं. क्लासवाले चिडतील, त्यांचं संध्याकाळचं टाइमटेबल कोलमडतं. कुणाच्या शाळेने असं काही करून बघितलं असेल तर खाली लिहा, बसच्या फेऱ्या कशा बसवल्या ते पण लिहा, मला आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना दाखवायचंय.