‘मुकुट दिसला की १८५७’: फौजी बिल्ल्यांचा तो मेसेज पुढे पाठवू नका

गेल्या आठवड्यात आत्याचा फोन आला. आनंद नुसता ओसंडून वाहत होता. “अरे, आमच्या आजेसासऱ्यांचा बिल्ला १८५७ चा निघाला! मेसेजमध्ये दिलंय तसा चिंचेनं घासला, सोन्यासारखा चमकतोय.” मी कपाळाला हात लावला. १८५७ वर नंतरही बोलता आलं असतं. चिंच लागून गेली होती.

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. ‘घरातला जुना फौजी बिल्ला ओळखा’ म्हणून पाच खुणा दिल्यात. चिंचेनं चमकला तर अस्सल. मुकुट असेल किंवा ‘मराठा’चं इंग्रजी स्पेलिंग जुनं असेल तर १८५७ चा. नंबर लहान तर पलटण जुनी. मागे कंपनीचं नाव असेल तर खात्रीचा माल. आणि ओतीव असेल तर नकली.

आधी चिंचेचं बोलू, कारण बाकीच्या चुका सुधारता येतात, ही येत नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट लावलं की वरचा काळपट थर जातो, आणि जास्त वेळ राहिलं तर जस्तही सुटतं. मग पृष्ठभाग गुलाबीसर तांबूस दिसायला लागतो. आत्याच्या बिल्ल्याची एक कड आता तशीच दिसते. अधिकाऱ्यांच्या बिल्ल्यांवर तर अनेकदा सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा असायचा, तो घासून गेला की गेला. आणि एवढं करून सिद्ध काय होतं? परवा ओतलेलं पितळही चिंचेनं चमकतंच.

खरी माहिती त्या काळ्या थरातच असते. शिपाई बिल्ल्याची पुढची बाजू रोज घासायचा, मागची कोण घासणार? त्यामुळे वापरलेल्या अस्सल बिल्ल्याचे पुढचे उंचवटे गुळगुळीत झालेले असतात, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि मागे बिल्ला अडकवायच्या कड्यांच्या बुडाशी वर्षानुवर्षांचा मळ धरलेला असतो. नकली माल रसायनात बुडवून काळा केलेला असतो. तो पुढून-मागून सारखाच काळा आणि सारखाच झिजलेला. हा फरक डोळ्यांना दिसतो, पण हात लावायच्या आधी. आत्यानं दोन्ही बाजू घासल्या. नशीब, कड्यांच्या खाचेत थोडा काळा थर शिल्लक राहिलाय.

आता मुकुट. यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करतो. मुकुटावरून काळ खरंच सांगता येतो, पण मुकुट आहे की नाही एवढ्यावरून नाही, त्याच्या आकारावरून. व्हिक्टोरियाच्या काळात बिल्ल्यांवरचे मुकुट सगळे एकसारखे नव्हते. १९०१ नंतर, सातव्या एडवर्डच्या वेळी, गोल घुमटासारख्या कमानींचा मुकुट ठरला, तो सहाव्या जॉर्जपर्यंत चालला. एलिझाबेथच्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतात. ती गादीवर आली फेब्रुवारी १९५२ मध्ये. आपण प्रजासत्ताक झालो २६ जानेवारी १९५० ला, आणि मुकुट जाऊन अशोकाचे सिंह आले. म्हणजे भारतीय पलटणीचा बिल्ला आणि त्यावर मधोमध दबलेला मुकुट, असं कोणी दाखवलं तर तो बिल्ला तिथेच ठेवून निघा. (ज्या गुरखा पलटणी १९४७ नंतर ब्रिटिश सैन्यात गेल्या त्यांची गोष्ट वेगळी.) उलट, गोल मुकुटाचा बिल्ला १९४९ चाही असू शकतो. मुकुट असला की १८५७, हे कुठून आलं?

स्पेलिंगचंही तसंच. मध्ये ‘एच’ आणि पुढे दोन ‘टी’ असलेलं ‘मराठा’ दुसऱ्या महायुद्धातही अधिकृत होतं. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना इटलीतल्या लढायांसाठी व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं, तेव्हा त्यांच्या रेजिमेंटचं नाव त्याच स्पेलिंगनं लिहिलं जात होतं.

लहान नंबराची गोष्ट तर साफ उलटी आहे. १९०३ मध्ये हिंदुस्थानचा तेव्हाचा सरसेनापती किचनेरनं सैन्याचे नंबर नव्याने लावले, तेव्हा मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या नंबरांत शंभर मिळवले. तिसरी होती ती १०३ झाली, पाचवी १०५, सतरावी ११७. १९२२ मध्ये यातल्या मराठा पलटणी एकत्र करून ‘५ वी मराठा लाइट इन्फंट्री’ केली आणि १०३ पहिली बटालियन झाली, ११७ पाचवी. म्हणजे ‘५’ हा आकडा ‘११७’ पेक्षा नवा! हे माझं मत नव्हे. त्या-त्या वर्षीची ‘इंडियन आर्मी लिस्ट’, म्हणजे सरकारनं छापलेली यादी, उघडा. पलटणीचं त्या वर्षीचं नाव त्यात छापलेलं आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं एक पान जरी उलटलं असतं तरी हा मुद्दा लिहिला नसता.

कंपनीच्या नावाचं थोडक्यात: नकली बिल्ले करणारे नावही ठोकतात. बिल्ले बनवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या गॉन्ट कंपनीचा ठसा आजच्या मालावरही दिसतो. ओतीव म्हणजे नकली, हा नियम ब्रिटनमधल्या ठप्प्याच्या बिल्ल्यांना बराचसा लागू पडतो, पण इथल्या पलटणींनी स्थानिक कारागिरांकडून ओतून घेतलेले बिल्लेही वापरलेत. तेव्हा ओतीव दिसला म्हणून फेकू नका.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. आत्याकडची ती वस्तू म्हणजे खांद्यावरची पितळी पट्टी, वर ‘११७’ आणि खाली ‘मराठा’, त्याच जुन्या स्पेलिंगात. ती १९०३ च्या आधीची असूच शकत नाही, कारण तोवर ११७ नंबरची मराठा पलटण नव्हती. १९२२ ला नंबर गेला. ही ११७ मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होती, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. उपासमारीत, भाकरीचा तुकडा मोजून दिवस काढले त्या माणसांनी, आणि शेवटी कैदेत गेले. आजेसासरे ‘मेसोपोटेमियात होते’ एवढंच त्या घरात सांगतात. मेसेजनं त्यांना उचलून १८५७ मध्ये नेऊन ठेवलं. तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता.

मी आत्याला विचारलं, ट्रंकेत अजून काही आहे का? फडक्यात गुंडाळलेलं एक चांदीचं पदक निघालं, पहिल्या महायुद्धाचं. त्याला तिनं अजून काही लावलेलं नव्हतं. म्हटलं, घासू नकोस, फक्त आडवं धरून कड बघ. भिंग आणायला ती उठली, मी फोन धरून ठेवला. मग ती एकेक अक्षर वाचायला लागली: आधी शिपायाचा नंबर, मग हुद्दा, मग आजेसासऱ्यांचं नाव, इंग्रजांनी मोडून-तोडून लिहिलेलं, आणि शेवटी ‘११७’.