विषय: पेन परत मिळणेबाबत

परवापासून आमच्या घरात त्या माणसाचं नाव घ्यायला बंदी आहे, त्यामुळे इथेही घेत नाही. एवढंच सांगतो, की बेसबॉलमध्ये त्याचं नाव मोठं आहे, करार त्याहून मोठा आहे, आणि मांडीचा स्नायू दुखावल्यामुळे अंदाज घ्यायला म्हणून तो आमच्या गावाजवळच्या छोट्या स्टेडियमवर खेळायला आला होता. याला इथे रिहॅब म्हणतात. न्यू जर्सीत खालच्या लीगची अशी मैदानं आहेत. रिहॅबला आलेल्या स्टारने तिथल्या होतकरू पोरांना एक झकास जेवण घालायचं, अशी जुनी पद्धत आहे. त्या पोरांचे पगार बेताचे असतात. याने म्हणे स्टेक खाऊ घातले. ऐकून बरं वाटलं. माणूस दिलदार दिसतोय, म्हटलं, आणि निघालो.

निघालो म्हणजे मी, चिरंजीव आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. कराडचे, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, सध्या उन्हाळ्यासाठी लेकीकडे मुक्काम. बेसबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण नातवाला एका मोठ्या माणसाची सही हवी आहे म्हटल्यावर त्यांच्या अंगात वारंच शिरलं. अण्णांनी उभी हयात साहेबांच्या सह्या मिळवण्यात घालवली आहे.

"जेवणाआधी गाठायचं नाही," गाडीतच त्यांनी नातवाचा क्लास घेतला. "जेवणाआधी साहेब प्रश्न विचारतो. जेवणानंतर सही करतो."

"आजोबा, ते वॉर्म-अपनंतर येतात."

"तेच ते."

सामन्याआधी खेळाडू मैदानावर अंग मोकळं करतात आणि परत जाताना कठड्याशी थांबून सह्या देतात. म्हणजे द्याव्यात, अशी अपेक्षा असते. आम्ही वेळेत पोचून कठड्याला चिकटलो. चिरंजीवांच्या हातात कोराकरकरीत बॉल. हा साधा बॉल नव्हे, खऱ्या सामन्यांत वापरतात तो. कोस्टा रिकात हाताने शिवलेला, एकशे आठ टाके, दुकानात पंचवीस-तीस डॉलर. आणि माझ्या हातात काळा मार्कर.

"मार्कर?" शेजारून आवाज आला.

आता या शेजाऱ्याबद्दल सांगायलाच हवं. साधारण अण्णांच्याच वयाचा गोरा माणूस. अंगात मासे पकडायला जाणारे घालतात तसलं बिनबाह्यांचं जाकीट, त्याला असंख्य खिसे आणि प्रत्येक खिशात पेनं. पायाशी चाकांची पेटी. काखेत जाडजूड फाइल; तिच्या प्लॅस्टिकच्या कप्प्यांत खेळाडूंची कार्डं टीमवार लावलेली. या जमातीला इथे ‘ग्राफर’ म्हणतात. सह्या गोळा करायच्या आणि विकायच्या, हा धंदा. याला खेळाडू कुठल्या हॉटेलात उतरला आहे ते ठाऊक होतं, गाडी कुठल्या रंगाची ते ठाऊक होतं, आणि मांडी डावी दुखावली की उजवी हे तर टीमच्या डॉक्टरांच्याही आधी कळलं असावं. बरोबर दोन पोरं होती. पुतणे, म्हणाला. पुतण्यांकडे टोप्यांचा साठा होता. एका टोपीत सही घ्यायची, मागे जाऊन टोपी बदलायची आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा उभं राहायचं.

"मार्करची शाई चामड्यावर फुटते," तो मला म्हणाला. "वर्षभरात सहीचा डाग होतो. बॉलवर निळं बॉलपेनच पाहिजे. आणि सही कुठे? शिवणी जिथे सगळ्यात जवळ येतात त्या पट्टीत. स्वीट स्पॉट. दुसरीकडे केली तर निम्मा भाव."

मी अण्णांना भाषांतर करून सांगितलं. अण्णांना मनुष्य एकदम पटला. आपल्या क्षेत्रातला, पोचलेला, कागदपत्रं चोख. त्यांनी लगेच नातवाच्या हातून बॉल घेतला, खिशातून पेन्सिल काढली आणि त्या स्वीट स्पॉटवर बारीकशी फुली मारली.

ग्राफर किंचाळला. खरोखर किंचाळला. दोन रांगा मागच्या बाईच्या हातातले नाचोज सांडले.

"काय झालं याला?" अण्णा शांतपणे म्हणाले. "साहेबाला फुली लागते. फुली नसली की साहेब विचारतो, कुठे करू? तेवढ्यात फोन येतो, आणि गेली फाइल मंगळवारवर."

"यांनी बॉल खलास केला," ग्राफर मला म्हणाला.

"तो म्हणतोय, पद्धत चांगली आहे," मी अण्णांना सांगितलं. उन्हात आणखी काय करणार.

तिथून त्या दोघांची जी गट्टी जमली ती मला थांबवता आली नाही. अण्णांनी "यू, सर्व्हिस?" असं विचारून मुळालाच हात घातला. ग्राफर पोस्टातून निवृत्त झालेला निघाला. म्हणजे सरकारी! अण्णांचा चेहरा असा उजळला, की लेकीच्या लग्नात मला पाहून उजळला नव्हता. पुढचा प्रश्न अर्थातच पेन्शन किती. मी म्हटलं, अण्णा, इथे असं विचारत नाहीत. अण्णा म्हणाले, तुम्ही विचारा तर. मी विचारलं, आणि त्या माणसाने सांगितलं! शिवाय मेडिकलचे किती कापतात तेही. मग आमच्याकडच्या महागाई भत्त्याचं तत्त्व मी त्याला इंग्रजीत समजावून दिलं. चिरंजीव एकटेच कठड्यावर लोंबकळत खेळाडूवर नजर ठेवून होते.

बोलता बोलता ग्राफरने एक व्यावसायिक सल्ला दिला. सहीबरोबर नाव लिहून घ्यायचं नाही. ‘अमक्यास सप्रेम’ असं काही आलं, की तो बॉल त्या अमक्याशिवाय कोणी घेत नाही. काही खेळाडू तर मुद्दाम आधी नाव विचारतात. पोराने नाव सांगितलं तर चाहता, का-कू केली तर दलालाचा पोऱ्या.

"नाव नको?" अण्णा चकित. "आमच्याकडे नाव नसलं तर बिल पास होत नाही."

हसू आलं, पण मुद्दा तिथेच होता. खेळाडूंची बाजूही अगदीच खोटी नाही. 1998 साली मार्क मॅग्वायरने मारलेल्या सत्तराव्या होमरनचा (होमरन म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका) बॉल पुढच्या वर्षी सुमारे तीस लाख डॉलरला गेला आणि तेव्हापासून स्टेडियममधल्या लोकांचे डोळे फिरले ते फिरलेच. 2001 मध्ये बॅरी बॉण्ड्सच्या त्र्याहत्तराव्या होमरनच्या बॉलसाठी दोन प्रेक्षक कोर्टात गेले. तिथे न्यायाधीशाने बॉल विकून पैसे निम्मे निम्मे वाटून घ्यायला सांगितले. 2024 मध्ये शोहेई ओहतानीने एका मोसमात पन्नास होमरन आणि पन्नास चोरलेले बेस (म्हणजे फटका नसताना नजर चुकवून पुढच्या तळावर पळणं) असा पराक्रम केला, त्या पन्नासाव्या होमरनचा बॉल 43 लाख 92 हजार डॉलरला विकला गेला. कठड्यावरून पुढे आलेल्या शंभर हातांतले निर्मळ हात कोणते, हे खेळाडूने ओळखायचं कसं? पुतण्यांना तर माझ्या मुलापेक्षा निरागस हसता येत होतं.

पण मग उलट बाजूने बघा. त्याच ओहतानीचा लॉस एंजेलिसच्या डॉजर्स क्लबसाठीचा पहिला होमरन, एप्रिल 2024. बॉल एका बाईच्या हाती लागला. क्लबने तिला काय दिलं? दोन टोप्या, एक बॅट आणि सही केलेला एक बॉल. बाहेर त्या बॉलची किंमत लाखभर डॉलर धरत होते. आपल्यावर दबाव आला, बॉल घरी नेला तर तो खरा असल्याचा दाखला मिळणार नाही असं सांगितलं, अशी तिची तक्रार. बोभाटा झाल्यावर क्लबने तिच्याशी पुन्हा संपर्क साधला. म्हणजे चाहत्याने वस्तू विकली तर तो हावरट, आणि क्लबने दोन टोप्यांत उरकली तर ती प्रेमाची देवाणघेवाण. 2011 मध्ये न्यू यॉर्क यँकीज क्लबच्या डेरेक जीटरचा कारकिर्दीतला तीन हजारावा हिट, म्हणजे यशस्वी फटका, तोही होमरन, ज्या तरुणाच्या हाती लागला त्याने बॉल चक्क फुकट परत दिला. यँकीजने त्याला भारीतल्या जागांची तिकिटं आणि सह्या केलेल्या वस्तू दिल्या, तर लोक लगेच या भेटींवर त्याला आयकर किती बसेल याचा हिशेब करायला लागले. चांगुलपणाचं चलन इथे कसं फाडतात बघा.

असो. खेळाडू आला.

तो खरंच आला, सावकाश, डाव्या मांडीला जपत (उजवी नव्हे, ग्राफर बरोबर होता). कठड्याच्या टोकापासून सह्या करत करत आमच्याकडे सरकत होता. ऐनवेळी लक्षात आलं, निळं पेन कुठाय? ग्राफरच्या खिशांत वीसेक पेनं होती, पण तो समोर बघत राहिला. धंदा वेगळा, पेन्शन वेगळी. तेव्हा अण्णांनी शर्टाच्या खिशाला हात घातला आणि आपलं पेन काढलं. निरोपसमारंभात स्टाफने दिलेलं, निळं, सोनेरी क्लिपचं. टोपण त्यांनी स्वतःच्या मुठीत ठेवलं. पेन परक्याला द्यायचं पण टोपण द्यायचं नाही, म्हणजे माणूस पळून जात नाही, हा बँकेच्या काउंटरवरचा अनुभव.

चिरंजीवांनी एका हातात बॉल आणि दुसऱ्या हातात पेन पुढे केलं. त्याने पेन घेतलं. एकदा कागदावर ओढून पाहतात तसं हवेत फिरवलं. पसंत पडलं असावं. आणि तो शेजारी वळला. ग्राफरच्या मोठ्या पुतण्याचं कार्ड. सही. धाकट्या पुतण्याचा बॉल. सही. पलीकडच्या एका मुलीची टोपी. सही. मग पुन्हा मोठा पुतण्या, दुसऱ्या टोपीत. सही. सगळ्या आमच्या पेनाने. मग कोणीतरी आतून हाक मारली, त्याने हात हलवला आणि तो डगआउटमध्ये, म्हणजे टीमच्या बसायच्या जागेत, उतरला. पेनासकट.

"अहो! अहो साहेब! पेन!"

अमेरिकेच्या त्या मैदानावर इतक्या खणखणीत मराठीत पूर्वी कोणी ओरडलं नसेल. साहेबाने वळून पाहिलं. अण्णांनी टोपण उंच धरून दाखवलं. त्याने अंगठा दाखवला, म्हणजे छान, असेच पाठीशी राहा, आणि गेला.

मला राग आला तो इथे. दहा वर्षांच्या पोराच्या हातातून वस्तू घेताना माणूस त्या पोराकडे बघतो की नाही? आणि असं नाही, की मोठे खेळाडू सगळे असेच असतात. 1994 च्या खेळाडूंच्या संपात वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, बुडाली, लोक खेळावर रुसले, त्यानंतर बाल्टिमोरचा कॅल रिपकिन सामना संपल्यावर तासन्‌तास थांबून सह्या द्यायचा. मिनेसोटाचा हार्मन किलब्रू तर उतारवयात तरुण खेळाडूंना सह्या वाचता येतील अशा करा म्हणून दम द्यायचा. टोरी हंटरने त्याचं ऐकून आपली सही सुधारली. पीट रोझचं सांगू नये, तरी सांगतो. जुगारापायी 1989 मध्ये बेसबॉलमधून हद्दपार, सह्यांची आणि इतर कमाई लपवली म्हणून तुरुंग, वर्षानुवर्षं खोटं बोलला. पुढे लास व्हेगासच्या दुकानांत टेबलामागे बसून सह्या विकायचा, ‘बेसबॉलवर पैजा लावल्याबद्दल माफी असावी’ असं बॉलवर लिहूनही द्यायचा, वर गप्पा मारायचा. पैसे घ्यायचा, पण गिऱ्हाइकाचं पेन नेत नसावा.

इकडे ग्राफर आमच्याकडे वळला. आवाज मऊ. "मुलासाठी वाईट वाटलं. हवं तर एक बॉल देतो. दीडशे."

मी काही बोलायच्या आत अण्णांनी सूत्रं हाती घेतली. "शाई कोणाची? आमची. मग मटेरिअल आमचं, मजुरी साहेबाची, याचं काय?" मी भाषांतर केलं. ग्राफरने मान्य केलं, की यात तथ्य आहे, आणि पाच डॉलर सोडले.

मी घेतला नाही. डोळ्यांदेखत झालेली सही असूनही नाही, कारण पेटीत हात घालून त्याने जो बॉल काढला तो मघाचाच होता हे कशावरून? या धंद्यात एफबीआयने नव्वदच्या दशकाच्या शेवटी ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम काढून बनावट सह्यांची मोठी टोळी पकडली. त्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलही होते. मदर तेरेसांच्या! माल खपत होता, म्हणजे कुणाला तरी ते शक्य वाटलं होतं. सॅन दिएगोचा खेळाडू टोनी ग्विन याला आपल्याच क्लबच्या दुकानात आपल्याच नावाच्या खोट्या सह्या सापडल्या. त्यानंतर 2001 पासून बेसबॉलच्या मुख्य लीगने प्रत्येक सामन्याला साक्षीदार बसवून वस्तूंवर होलोग्राम चिकटवायला सुरुवात केली. आमच्या अण्णांच्या भाषेत, साक्षांकित प्रत. होलोग्राम असलेला त्याचा बॉल अधिकृत दुकानात मी नंतर पाहिला. किंमत सांगत नाही, सौ. हे वाचते.

पेनावर पाणी सोडावं असं माझं मत होतं. अण्णांचं नव्हतं. त्या रात्री त्यांनी लेकीच्या लॅपटॉपसमोर बसून मजकूर सांगितला आणि तिने टाइप केला. ‘प्रति, मा. व्यवस्थापक. विषय: पेन परत मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या आस्थापनेवरील कर्मचाऱ्याने दिनांक अमुक रोजी सायंकाळी...’ सोबत: टोपणाचा फोटो, एक. इंग्रजी भाषांतर माझ्याकडे आलं. ‘आस्थापनेवरील कर्मचारी’ हा शब्द मी तसाच ठेवला, कारण वर्षाला कोट्यवधी डॉलर घेणाऱ्या माणसाला तो फार शोभला.

क्लबचं उत्तर दोन दिवसांत आलं. चाहते हेच आमचं सर्वस्व, वगैरे. पेनाचा उल्लेख नाही. खाली दुकानात दहा टक्के सूट मिळवण्याचा कोड. सह्या केलेल्या वस्तूंना लागू नाही.

अण्णांनी ते छापून घेतलं, कोपऱ्यात आवक क्रमांक टाकला आणि ‘स्मरणपत्र क्र. 1’ लिहायला घेतलं आहे. भाषांतर पुन्हा माझ्याकडेच.