कशी झालीये आमटी?

स्वयंपाक ही कला आहे की नाही, यावर कुणी वाद घालू लागलं की मी गप्प बसतो. आमच्या घरी तो प्रश्न कधीच निकालात निघालाय. घरात कलावंत आहे आणि कलावंत म्हटला की दाद द्यायला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी.

पहिला घास गिळायच्या आत विचारणा होते, "कशी झालीये आमटी?" प्रदर्शनात चित्र पटलं नाही तर पुढच्या चित्राकडे सरकता येतं. मैफल रंगली नाही तर चहाच्या निमित्ताने सटकता येतं. भरल्या ताटावरून उठून जाणार कुठे? "छान" म्हणावं तर "नुसतीच छान?" "अप्रतिम" म्हणावं तर "म्हणजे एरवी नसते?" चुकून "मीठ किंचित..." एवढं तोंडून निसटलं, तर पुढचे काही दिवस मिठाची बरणीच ताटाशेजारी.

प्लेटोच्या 'गॉर्जियस' या संवादात सॉक्रेटिस म्हणतो, पाककौशल्य ही कला नव्हेच; तो सवयीने आलेला हातखंडा आणि खुशामतीचा एक प्रकार. हे तो चारचौघांत बोलला म्हणून निभावलं. घरी बायकोसमोर, म्हणजे झँथिपीसमोर बोलला असता, तर अथेन्सच्या न्यायालयाचं काम वाचलं असतं. खुशामतीचं मात्र त्याने बरोबर ओळखलं होतं. फक्त ती जेवणाऱ्याने करायची असते.

आपला वात्स्यायन शहाणा. चौसष्ट कलांची यादी करताना त्याने नाना तऱ्हेच्या भाज्या, सार आणि खाद्यपदार्थ करणं हे गायन-नृत्याच्याच पंक्तीला बसवलं. (भांडी घासणं त्या यादीत नाही. ते माझ्याकडे असतं, म्हणून नीट पाहिलं.)

आणि खरंच, बायको आमटी करते तेव्हा बघत राहावं. चिंच-गूळ पडतो, गोडा मसाला पडतो, उकळी येते. मग पळीतला एक थेंब तळहातावर. जीभ लावायची, क्षणभर छताकडे बघायचं, आणि नखाएवढा गुळाचा खडा आणखी. "किती घातलास?" "अंदाजाने." तोच मसाला मी चमच्याने मोजून घातला की डाळीचं नुसतं पाणी होतं. आता याला कला नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

पण आमटीची दाद देऊन सुटका होत नाही. वाटी रिकामी झाली की दुसरा पेपर: "उद्या काय करू?" २००७ साली जर्मनीतल्या 'डॉक्युमेंटा' कलाप्रदर्शनाने फेरान आद्रिया या स्पॅनिश शेफला चक्क कलावंत म्हणून बोलावलं होतं. त्याचं 'एल बुली' हे रेस्टॉरंट वर्षातले साधारण सहा महिनेच उघडं असे. उरलेले महिने नवीन काय करायचं याचा विचार करण्यात जात. सहा महिने! आमच्याकडे "काहीही कर" हे उत्तर बाद असतं आणि छोले भिजत घालायचे असतील तर रात्री दहाच्या आत सांगावं लागतं.