मसल कार आणि युरोपचा दरवाजा: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकी मसल कार, म्हणजे मोठ्या, ताकदवान इंजिनाच्या दोन दारांच्या गाड्या, युरोपात अधिकृतपणे विकल्या जाव्यात, अशी भूमिका मी मागच्या लेखात मांडली होती. तिच्यावर तुम्ही सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे आहेत: या गाड्या युरोपच्या रस्त्यांना न पेलणाऱ्या आकाराच्या आहेत, त्या सरळ रस्त्यावरच पळतात, बेसुमार पेट्रोल पितात, युरोपच्या अपघात चाचणीत त्यांची लाज गेली आहे आणि हवामानाची उद्दिष्टे बांधून घेतलेल्या खंडात त्यांची बाजू घेणे बेजबाबदारपणाचे आहे. शेवरलेची मसल कार कॅमारो युरोपातून निघून गेली याचा अर्थ बाजारानेच निकाल दिला, असेही तुम्ही म्हणता. आणि मराठीत लिहिणाऱ्याने ही वकिली कशासाठी करावी, हा तुमचा शेवटचा प्रश्न आहे. यातील काही आक्षेप गंभीर आहेत, काही मात्र ऐकीव समजुतींवर उभे आहेत. आधी समजुतींबद्दल लिहितो.

आकाराची तक्रार आकड्यांसमोर टिकत नाही. 2015 पासून युरोपात विकली गेलेली फोर्ड मस्टँग सुमारे 4.78 मीटर लांब आणि आरसे वगळता 1.92 मीटर रुंद आहे. बीएमडब्ल्यूची सध्याची एम4 तिच्यापेक्षा किंचित लांबच आहे आणि रुंदीला जेमतेम तीन सेंटिमीटर कमी भरते. वजनाचे म्हणाल तर 2024 मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू एम5 चे वजन 2,400 किलोच्या वर आहे; आठ सिलिंडरची मस्टँग त्यापेक्षा कित्येक शे किलोंनी हलकी आहे. श्टुटगार्ट किंवा म्युनिकच्या पार्किंगमध्ये जी अडचण जर्मन गाडीची होत नाही, ती मिशिगनमध्ये बनलेल्या गाडीचीच का व्हावी?

वळणांविषयीचा आक्षेप एके काळी खरा होता. मस्टँगच्या मागच्या चाकांना अनेक दशके एकच सलग आस जोडत असे, त्यामुळे एका चाकाला खड्डा लागला की त्याचा धक्का दुसऱ्या चाकालाही बसे आणि खडबडीत वळणावर गाडी बिचके. अमेरिकेच्या सरळ, रुंद रस्त्यांवर आणि पाव मैलाच्या शर्यतीत हा दोष फारसा जाणवत नसे. उलट ती रचना स्वस्त आणि दणकट म्हणून तिथल्या ग्राहकाला प्रियच होती. मात्र डिसेंबर 2013 मध्ये दाखवलेल्या सहाव्या पिढीच्या मस्टँगची आखणी फोर्डने पहिल्यापासून जगभरच्या विक्रीसाठी केली, आणि त्या पिढीत मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन सर्रास मिळाले. त्याआधी ते फक्त एका मर्यादित, महागड्या आवृत्तीत दिले गेले होते. शेवरलेने 2017 मध्ये कॅमारो झेडएल1 1एलई ही गाडी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफ या वीस किलोमीटरहून लांब वळणावळणाच्या मार्गावर 7 मिनिटे 16.04 सेकंदांत फिरवून आणली. सरळ रस्त्यावरच पळणाऱ्या गाडीला तिथे अशी वेळ साधता येत नाही.

सस्पेन्शनचे उदाहरण मी मुद्दाम एवढे लांबवले, कारण माझे सारे म्हणणे त्यात आहे. युरोपात विकायचे ठरले म्हणून अमेरिकी गाडी सुधारली, आणि ती सुधारणा ओहायोतल्या ग्राहकालाही मिळाली. माझी भूमिका एवढीच आहे की या गाड्या युरोपात याव्यात, पण युरोपचे सगळे नियम पाळून, पुढच्या दाराने याव्यात. तुम्ही ‘येऊच नयेत’ म्हणता. हल्ली वॉशिंग्टन आणि ब्रुसेल्समध्ये एक तिसरी वाटही सुचवली जात आहे, आणि मला ती तुमच्या भूमिकेपेक्षा कितीतरी धोकादायक वाटते. तिच्याकडे येण्याआधी सुरक्षेचा मुद्दा घेतो, कारण तुमच्या आक्षेपांपैकी तोच सर्वांत भक्कम आहे.

जानेवारी 2017 मध्ये युरो एनकॅपने, म्हणजे नव्या गाड्यांच्या अपघात चाचण्या घेऊन तारे देणाऱ्या युरोपीय संस्थेने, मस्टँगला पाचपैकी दोन तारे दिले. समोरच्या धडकेच्या चाचणीत पुढच्या एअरबॅग पुरेशा फुगल्या नाहीत, मागच्या आसनांच्या पट्ट्यांना धडकेच्या क्षणी आवळणारी आणि नंतर ताण मर्यादित ठेवणारी यंत्रणा नव्हती, लहान मुलांच्या सुरक्षेत गाडीला 32 टक्के आणि चालकाला मदत करणाऱ्या सुरक्षा साधनांत अवघे 16 टक्के गुण मिळाले. सर्वांत खटकणारी बाब अशी की, पुढे धडक होणार असल्याचा इशारा देणारी यंत्रणा अमेरिकेतल्या ग्राहकाला मिळत होती, ती युरोपातल्या ग्राहकाला दिलेली नव्हती. हा निकाल फोर्डला लाजिरवाणाच होता आणि त्यावर पांघरूण घालण्याची माझी तिळमात्र इच्छा नाही.

पण त्यानंतर काय घडले, तेही पाहा. त्याच वर्षी आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेसह सुधारलेल्या मस्टँगची पुन्हा चाचणी झाली आणि तिला तीन तारे मिळाले. तीन तारे काही अभिमानाने मिरवण्यासारखे नाहीत. बदलाची दिशा मात्र त्यांतून स्पष्ट दिसते. गाडी अधिकृतपणे विकली जात होती म्हणून तिची चाचणी झाली, तिचे वाभाडे जाहीरपणे निघाले आणि निर्मात्याला हालचाल करावी लागली. डॉज चॅलेंजरसारख्या ज्या गाड्या खासगी आयातदारांमार्फत एकेकट्या आणल्या जातात, त्यांचे काय? अशा गाडीला एकट्या वाहनासाठीची मान्यता मिळवता येते, त्यासाठी मागचे दिवे बदलले जातात, मागचा धुक्याचा दिवा बसवला जातो, काही कागदपत्रे जमवली जातात आणि गाडी रस्त्यावर येते. ती कधी युरो एनकॅपच्या भिंतीवर आदळत नाही आणि तिच्याविषयी कुणाला प्रश्न विचारता येत नाहीत. विक्रीला बंदी घातल्याने या गाड्यांची हौस संपणार नाही. स्वीडनमध्ये जुन्या अमेरिकी गाड्यांवर जीव टाकणाऱ्यांची परंपरा 1950 च्या दशकापासून चालत आली आहे आणि व्हेस्टेरॉसच्या मेळाव्यात अशा हजारो गाड्या जमत आल्या आहेत. ही हौस दडपली तर ती मागच्या दाराने येईल, आणि त्या दारावर कोणी पहारेकरी नाही.

आता त्या तिसऱ्या वाटेविषयी. 27 जुलै 2025 रोजी स्कॉटलंडमधील टर्नबेरी येथे अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्यात व्यापाराचा समझोता झाला आणि 21 ऑगस्टला संयुक्त निवेदन प्रसिद्ध झाले. युरोपीय गाड्यांवरील अमेरिकी शुल्क 15 टक्क्यांवर आणणे आणि अमेरिकी औद्योगिक मालावरील युरोपीय शुल्क काढून टाकणे, या गोष्टी त्यात आहेत. मोटारींवरचे 10 टक्के शुल्क जाणार असेल, तर मला त्याचा आनंदच आहे. परंतु त्याच निवेदनात दोन्ही बाजूंनी एकमेकांची मोटारविषयक मानके मान्य करण्याचा इरादाही व्यक्त केला आहे, आणि इथे माझा ठाम विरोध आहे.

दोन्हीकडच्या पद्धतींतला फरक केवळ कागदी नाही. युरोपात गाडी बाजारात येण्याआधी सरकारी यंत्रणा तिची तपासणी करून प्रकार-मान्यता देते. अमेरिकेत गाडी नियमांत बसते हे निर्माता स्वतःच प्रमाणित करतो आणि सरकारी तपासणी झालीच तर नंतर होते. अमेरिकी नियमांत एअरबॅगची चाचणी पट्टा न बांधलेल्या प्रवाशालाही गृहीत धरून होते, युरोपात पट्टा बांधलेलाच आहे असे धरले जाते. पादचाऱ्याचे डोके बॉनेटवर आपटल्यावर काय होईल, याची सक्तीची चाचणी युरोपात बऱ्याच वर्षांपासून आहे. अमेरिकेच्या यंत्रणेने तसा प्रस्ताव मांडला तोच मुळी 2024 मध्ये. युरोपातल्या मस्टँगमध्ये पादचारी धडकल्यास बॉनेट वर उचलून त्याच्या डोक्याखाली मोकळी जागा करणारी यंत्रणा आहे. मानके आपसूक मान्य झाली, तर अशी यंत्रणा बसवण्याचे कारणच उरणार नाही. अमेरिकेत 2009 मध्ये सुमारे 4,100 पादचारी रस्त्यांवर मृत्युमुखी पडले, 2022 मध्ये तो आकडा 7,500 च्या पुढे गेला. त्यामागे रस्त्यांची रचना, वेग, अंधार अशी अनेक कारणे आहेत. पण उंच, सपाट तोंडाची अवजड वाहने हे त्यांतले एक कारण आहे, याविषयी तिथल्याच संशोधकांना शंका उरलेली नाही.

म्हणूनच तुमचा राग चुकीच्या वाहनावर आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. मसल कार ही ठेंगणी, लांब नाकाची, दोन दारांची गाडी आहे आणि ती थोड्याच लोकांना परवडते. मानके परस्परमान्य झाली, तर त्या दाराने लोंढा येईल तो माणसाच्या छातीएवढ्या उंच तोंडाच्या पिकअप ट्रकांचा. अशी काही वाहने आजही एकट्या वाहनाच्या मान्यतेतून युरोपात येतातच. मस्टँगने दाखवून दिले आहे की अमेरिकी कंपनीला हवे असेल तर ती युरोपची प्रत्येक अट पूर्ण करू शकते. मग तीच अट शिथिल करण्याची मागणी कशासाठी?

कार्बनच्या प्रश्नात तुमची काळजी रास्त आहे. पहिल्या खेपेच्या पाच लिटर, आठ सिलिंडरच्या मस्टँगचे घोषित उत्सर्जन मॅन्युअल गिअरच्या गाडीत किलोमीटरला 299 ग्रॅम होते. हा आकडा मोठा आहे, त्याला लहान म्हणून दाखवता येणार नाही. पण युरोपीय संघाने एकेका गाडीवर बंदी न घालता कंपनीच्या सगळ्या नव्या गाड्यांच्या सरासरीवर मर्यादा घातली आहे आणि सरासरी ओलांडली तर प्रत्येक जादा ग्रॅममागे, विकलेल्या प्रत्येक गाडीमागे 95 युरो दंड ठेवला आहे. 2025 पासूनचे उद्दिष्ट 93.6 ग्रॅमचे आहे. वजनानुसार होणारे फेरफार बाजूला ठेवले, तर 280 ग्रॅमची एक गाडी विकणाऱ्याला ती सरासरी गाठण्यासाठी विजेवर चालणाऱ्या किमान दोन गाड्या विकाव्या लागतात. त्यावर देशोदेशींचे कर आहेतच. फ्रान्समध्ये प्रदूषणाचा एकरकमी कर 2025 मध्ये कमाल 70,000 युरोंपर्यंत गेला आणि आठ सिलिंडरची मस्टँग त्या कमाल मर्यादेतच बसते. इटलीत 185 किलोवॉटच्या वरच्या प्रत्येक किलोवॉटला वर्षाला 20 युरो जादा भरावे लागतात. 331 किलोवॉटच्या मस्टँगसाठी ते 2,920 युरो होतात. जर्मनीचा वार्षिक कर त्या मानाने फारच सौम्य आहे, आणि तुम्ही तो वाढवण्याची मागणी केलीत तर मी विरोध करणार नाही. माझा आग्रह एवढाच आहे की जो दंड आणि जो कर म्युनिकच्या किंवा श्टुटगार्टच्या आठ सिलिंडरच्या गाडीला लागतो, तोच डेट्रॉइटच्या गाडीला लागावा, त्याहून जास्त नको आणि कमीही नको. मर्सिडीज-एएमजीने मध्यम आकाराच्या सी63 मध्ये 6.2 लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवले, तेव्हा ती युरोपीय संस्कृतीत बसत नाही असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही.

संस्कृतीचा विषय निघालाच आहे, तर फ्रान्सच्या फासेल व्हेगा आणि इंग्लंडच्या जेन्सन इंटरसेप्टर या गाड्यांत क्रायस्लरची, इटलीच्या इसो ग्रिफोत शेवरलेची आणि डी टोमासो पँटेरात फोर्डची आठ सिलिंडरची इंजिने होती. युरोपातल्या चोखंदळ कारागिरांनीच ती निवडली, कारण ती साधी, बळकट आणि दुरुस्तीला सोपी होती. या इंजिनांशी युरोपचे नाते आजचे नाही.

कॅमारोच्या जाण्याला तुम्ही बाजाराचा निकाल म्हणता. जनरल मोटर्सने 2017 मध्ये ओपेल आणि व्हॉक्सहॉल या कंपन्या फ्रान्सच्या पीएसए समूहाला विकल्या. त्यानंतर युरोपात तिच्याकडे उत्सर्जनाची सरासरी खाली आणणाऱ्या लहान गाड्या उरल्या नाहीत, विक्री-दुरुस्तीचे मोठे जाळेही उरले नाही, आणि नव्या उत्सर्जन चाचणीसाठी थोडक्या गाड्यांवर खर्च करणे तिला परवडले नाही. त्याच काळात, त्याच नियमांखाली मस्टँग टिकून राहिली. मार्च 2016 मध्ये तर जर्मनीतल्या नोंदणीत तिने पोर्शे 911 ला मागे टाकले होते. सातव्या पिढीत मात्र युरोपसाठी चार सिलिंडरचे 2.3 लिटरचे इंजिन बंद झाले आणि फक्त आठ सिलिंडरचेच उरले, याची मला खरोखर खंत वाटते. ते इंजिन 300 हून अधिक अश्वशक्ती देऊनही बरेच कमी उत्सर्जन करत असे आणि मध्यमवर्गीय ग्राहकाच्या आवाक्यात होते.

मराठी वाचकाचा या सगळ्याशी संबंध काय, याचे उत्तर 2016 मध्ये मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर आले. त्या वर्षी भारतात पहिल्यांदा अधिकृतपणे विकली गेलेली मस्टँग उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली होती आणि ते स्टिअरिंग मस्टँगच्या इतिहासात प्रथमच कारखान्यातून उजवीकडे बसवले गेले, ते ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियासारख्या बाजारांसाठी. युरोपचे दार उघडले नसते, तर भारताच्या वाट्याला ती गाडी आली नसती. शिवाय चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या परिसरात युरोपीय कंपन्यांसाठी गाड्या आणि सुटे भाग बनवणाऱ्या हजारो मराठी माणसांच्या कामाला युरोपच्या मानकांचाच आधार आहे. ती मानके तडजोडीत पातळ झाली, तर त्याची झळ इथेही पोहोचेल.

तुम्ही जर्मनीत वाहन मान्यतेच्याच क्षेत्रात काम करता, असे प्रतिक्रियेत लिहिले आहे. एकट्या वाहनाच्या मान्यतेत पादचारी-सुरक्षेच्या कोणत्या अटींतून सूट मिळते आणि ती सूट प्रत्यक्षात किती सैलपणे दिली जाते, याविषयी तुम्ही अनुभवाने लिहिलेत, तर ते मी या ठिकाणी स्वतंत्र लेख म्हणून आनंदाने प्रसिद्ध करीन, मग त्यातला निष्कर्ष माझ्या भूमिकेच्या विरोधात गेला तरी हरकत नाही.