टायमिंग कव्हरची मजुरी आणि घरी काम करण्याबद्दल

नमस्कार सर,

टायमिंग कव्हरमधून (इंजिनाच्या बाजूचं, टायमिंग चेन झाकणारं झाकण) तेल गळतंय म्हणून गाडी दाखवली, तर आम्ही दोन दिवस आणि भरमसाट मजुरी सांगितली, व्हिडिओत हेच काम दोन तासांत होतं, आणि घरी करतो म्हटल्यावर आम्ही घाबरवलं, अशी आपली तक्रार आहे.

मजुरी तीच राहील. कव्हरच्या बोल्टांना फार वेळ लागत नाही. वेळ जातो बेल्ट, क्रँक पुली (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची, बेल्ट फिरवणारी पुली), टॅपेट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण) आणि आपल्या इंजिनात चेंबरही (खालचं तेलाचं भांडं) उतरवण्यात, नंतर कव्हर चिकटवणारं जुनं सिलिकॉन कणन्‌कण काढण्यात. नवीन सिलिकॉन पक्कं होईपर्यंत तेल भरायचं नसतं, म्हणून दुसरा दिवस.

आपल्याला थांबवलं, कारण आपल्याकडे फक्त गाडीसोबत आलेला जॅक आहे. तो चाक बदलण्यापुरताच. या कामात उजव्या बाजूचं माउंटिंग सुटतं आणि त्या बाजूला इंजिनाला आधारच उरत नाही. चेंबर काढायचं असल्याने खालून जॅक देता येत नाही, इंजिन वरून बीमला, म्हणजे त्यावर आडव्या ठेवलेल्या दांड्याला, टांगावं लागतं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, हे मी आमच्या पोरांनाही रोज सांगतो.

घरी करणारच असाल तर इंजिन पूर्ण गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा, सपाट जमिनीवर मागच्या चाकांना ठोकळे लावा आणि गाडी दोन जॅक स्टँडवर (गाडी तोलून धरणारे पक्के टेकू) घ्या. पुलीचा बोल्ट सुटत नाही म्हणून पाना अडकवून स्टार्टर मारायची युक्ती व्हिडिओत दिसते. ती करू नका, हात मोडेल. पुली होल्डरच (पुली घट्ट धरून ठेवणारं हत्यार) वापरा. बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात, पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचा. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, ॲल्युमिनियमवर ओरखडा गेला की गळती पुन्हा सुरू. चेन उघडी पडल्यावर क्रँक फिरवू नका. टायमिंग (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ) चुकलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकू शकतात.

पण त्याआधी गळती नक्की कुठून आहे ते पाहू. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं तरी तेल ओघळून तिथेच येतं, आणि क्रँकचं सील (दांड्याभोवतीची, तेल अडवणारी रिंग) बहुतेक गाड्यांत कव्हर न काढताच बदलता येतं. इंजिन धुऊन, चालवून तपासायचे पैसे आम्ही घेत नाही. गाडी सकाळी, गार असताना आणा. काम घरीच करायचं ठरलं तर स्टँड, बीम आणि पुली होल्डर अनामत ठेवून घेऊन जा.